निरक्षर माउलीचे अक्षरधन

वृत्तपत्राचा हा स्तंभ बहुधा राज्यकर्त्यांच्या वाट्याला येतो. मंत्रिमंडळे बनतात, मोडतात. अर्थसंकल्प मांडले जातात. थोर पुढारी निवर्ततात. आणि त्या त्या प्रसंगी येथे शाई खर्ची पडते. जिने आयुष्यात एकही सभा गाजविली नाही, जिला स्वतःचे नाव कागदावर लिहिता येत नव्हते, जिचा दिवस चूल, जाते, गोठा आणि शेत यांच्या फेऱ्यांत मावळला, अशा एका शेतकऱ्याच्या घरच्या स्त्रीसाठी हा स्तंभ क्वचितच मोकळा होतो. आज तो आम्ही मुद्दाम मोकळा करीत आहोत. ३ डिसेंबर हा खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांचा स्मृतिदिन. १९५१ साली याच दिवशी जळगाव येथे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी डोळे मिटले. त्या दिवशी महाराष्ट्राला आपले काय गेले याची वार्ताही नव्हती. एका वाड्यातली एक वृद्ध शेतकरीण वारली, एवढेच काय ते घडले होते.

बहिणाबाईंचा जन्म १८८० च्या ऑगस्ट महिन्यात जळगावनजीकच्या असोदे या गावी महाजनांच्या घरी झाला. वडिलांचे नाव उखाजी, आईचे नाव भीमाई. भावाबहिणींनी भरलेले ते घर होते. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाला आणि असोद्याची लेक जळगावची सून झाली. माहेर आणि सासर यांमधले अंतर फार नव्हते. पण सासुरवाशिणीच्या मनातले अंतर कोसांनी थोडेच मोजतात? त्या थोडक्या वाटेने त्यांना जन्मभर पुरेल एवढे काव्य दिले. पायाखालच्या दगडाला ठेच लागली तरी माहेरच्या ओढीत ती जाणवत नाही, हे त्यांनी जे सांगितले आहे, ते सांगावयास व्याकरण शिकावे लागत नाही. वाट तुडवावी लागते.

तिसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्यावर वैधव्याची कुऱ्हाड कोसळली. पदरी ओंकार, सोपान आणि काशी ही तीन मुले. धाकटा सोपान तर अवघ्या तीन वर्षांचा. १८९६ पासून मुंबई इलाख्यात शिरलेल्या प्लेगने पुढे कित्येक वर्षे गावेच्या गावे ओस पाडली होती. त्या दुखण्याने ओंकारला कायमचे पंगुत्व दिले. एकत्र कुटुंबातील भाऊबंदकी, शेतीची ओढाताण आणि पाठीशी नसलेला धनी, अशा स्थितीत त्या काळी कित्येक स्त्रिया मोडून पडत. बहिणाबाई मोडल्या नाहीत. कुंकू पुसले गेले तरी ते कपाळ आणि कपाळावरची रेषा आपलीच आहे, मनगटातले कर्तृत्व बांगड्यांबरोबर फुटत नाही, हा बोध त्यांनी कोणत्याही ग्रंथातून घेतला नव्हता. तो त्यांनी जगून मिळविला आणि गाण्यातून मांडला. आपल्या दुःखाला धीर देण्यासाठी आपणच उभे राहावयाचे असते, हे ज्या स्वाभिमानाने त्या सांगतात, त्यापुढे दुःखाचे भांडवल करणारे पुष्कळसे नागर काव्य फिके पडते.

त्यांचे गाणे कसे जन्मास येई, हे पाहण्यासारखे आहे. कवीला एकांत लागतो, निवांत टेबल लागते, असा आपला समज. बहिणाबाईंना यांपैकी काहीच लाभले नाही. जात्याचा खुंटा हाती असताना, भाकरी थापताना, निंदणी करताना, खळ्यावर धान्य वाऱ्यावर धरताना त्यांच्या तोंडून ओव्या ओघळत. हाताचे काम थांबवून त्यांनी कविता केली नाही. कामाच्या लयीतूनच ती आली. सोपान शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याने पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखविली आणि सकाळ होते न होते तोच आईने त्या कथेचे गाणे रचून टाकले, अशी आठवण सांगतात. ज्या घरात मुलाने अक्षरे आणली त्याच घरात आईने त्या अक्षरांना सूर दिला. हाच सोपान पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून महाराष्ट्राला परिचित झाला.

बहिणाबाईंच्या कवितेत शेती ही शोभेची पार्श्वभूमी म्हणून येत नाही. तेथे पेरणी आहे, कापणी आहे, मळणी आहे, उफणणी आहे, मोट आहे, बैलांचा पोळा आहे, आखजीचा झोका आहे, गुढीपाडव्याची गुढी आहे. ज्यांनी कधी खळे पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की मळलेले धान्य सुपात घेऊन उंचावर उभे राहिल्यावर सारे काही वाऱ्यावर अवलंबून असते. वारा पडला की हात अवघडतात, डोळे आभाळाला लागतात. अशा वेळी ही शेतकरीण वाऱ्याला मारुतीच्या वडिलांच्या नात्याने साद घालते. देवाशी असे घरगुती नाते जोडण्याचा अधिकार कष्टकऱ्यांनाच असतो. त्यांच्या कवितेतले धान्याचे बी मातीच्या कुशीत निजते आणि वर हिरवा कोंब येतो, त्या साध्या घटनेकडे त्या अशा पाहतात, की देव आहे की नाही याचा वाद घालण्याची गरजच उरत नाही.

विहिरीवरच्या मोटेचे त्यांचे गाणे तर आज फार आठवावे असे आहे. मोट आता कालबाह्य झाली. चामड्याची ती मोट, तिचा नाडा, कण्याचे चाक, धावेवरून मागे-पुढे जाणारे बैल, हे सारे विजेच्या पंपाने केव्हाच मागे टाकले. परंतु बहिणाबाईंनी त्यात जे पाहिले ते मागे पडण्याजोगे नाही. एका विहिरीवर दोन मोटा चालतात, पण दोन्हींत पाणी एकच येते. मोट हाकणारा एक असतो आणि त्यावर पोसणारे जीव मात्र अगणित असतात. समाज म्हणजे काय, परस्परांवरील ऋण म्हणजे काय, याची इतकी सुबोध व्याख्या करणारे फार थोडे. आपला श्रम आपल्या घरापुरता नसतो, त्याचे पाणी दूरच्या वाफ्यात जाते, ही जाणीव ज्या स्त्रीच्या ठायी होती तिला समाजसेवेचा वेगळा बिल्ला कशाला हवा? पीक काढूनही पोट न भरणाऱ्या लोभी माणसाला त्या सरळ प्रश्न विचारतात, की तू माणूस केव्हा होणार? गाय, म्हैस, कुत्रे हे खाल्ल्या अन्नाला जागतात आणि माणूस मात्र जागत नाही, हे ऐकविताना त्यांच्या शब्दाला धार चढते.

केवळ करुणेची ही कविता नव्हे. तीत मिस्किलपणाही भरपूर आहे. ज्यातून पीठ येते त्याला ‘जाते’ का म्हणावे, असा खट्याळ प्रश्न त्यांनाच सुचावा. मनाची चंचलता सांगताना त्यांना उभ्या पिकात शिरणारे मोकाट गुरू आठवते. कितीदा हाकलले तरी ते पुन्हा तेथेच. सुगरणीचा खोपा पाहताना त्या माणसाला हळूच विचारतात, की तिला एवढीशी चोच आणि तुला दोन हात दहा बोटे, मग तू काय विणलेस? संसाराची त्यांनी चुलीवरच्या तव्याशी घातलेली सांगड तर घराघरांत पोहोचली आहे. हाताला चटके बसल्यावाचून भाकरी मिळत नाही, हे सत्य प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. ते बोलून दाखविणारी एक निघाली. १९६१ साली निघालेल्या ‘मानिनी’ या बोलपटातून वसंत पवार यांच्या संगीतात ही गाणी ऐकू आली आणि ज्यांनी पुस्तक हाती धरले नव्हते त्यांच्याही ओठी ती बसली.

छापखान्यावरही बहिणाबाईंचे एक गाणे आहे. वृत्तपत्राच्या कचेरीत बसून ते वाचताना आम्हांस नेहमी थोडे ओशाळल्यासारखे होते. कोरा कागद छापून निघाला की तो शहाणा होतो आणि माणूस मात्र होता तेथेच राहतो, असा त्यातला आशय आहे. जिला छापलेले वाचता येत नव्हते तिने छपाईच्या धंद्यावर इतके नेमके बोट ठेवावे! दररोज हजारो कागद शहाणे करण्याचा उद्योग करणाऱ्या आम्हां मंडळींनी ते गाणे चौकटीत बसवून भिंतीवर टांगावे हे बरे.

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी हे स्मरण मांडले त्याकडे वळतो. बहिणाबाईंची कविता आपल्या हाती आली ती केवळ योगायोगाने. सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही गाणी वेळोवेळी कागदावर उतरून घेतली होती. बहिणाबाईंच्या निधनानंतर ती वही सोपानदेवांनी संकोचत आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्र्यांची पारख अशी, की पहिल्याच वाचनात त्यांनी हे अस्सल सोने ओळखले आणि ते झाकून ठेवू नये असा आग्रह धरला. त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. त्यात सुमारे ३५ कविता होत्या. पन्नास-साठ वर्षे जिच्या ओठांवर गाणे नांदले तिच्या गाण्यांपैकी एवढीच आपल्याला गवसली. उरलेली कुठे गेली? ती पिठाबरोबर सांडली, वाऱ्याबरोबर उडाली, चुलीच्या धुराबरोबर विरली.

याहून अस्वस्थ करणारा दुसरा प्रश्न आहे. बहिणाबाईंचा मुलगा कवी होता म्हणून त्यांची वही झाली. ज्यांचे मुलगे कवी झाले नाहीत, गिरणीत गेले, जहाजावर गेले, कारकून झाले किंवा शेतातच राबले, त्या आयांचे काय? असोदे आणि जळगाव यांच्या पंचक्रोशीत देवाने एकीलाच वाणी दिली आणि बाकीच्यांना मुके ठेवले, असे मानण्यास आमचे मन तयार नाही. खानदेशातच अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या ओव्यांचे मोल ओळखले आणि ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात त्या संग्रहित केल्या. पुढे डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड सिद्ध केले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! हा आकडा वाचून मन थक्क होते आणि त्याच वेळी खंतावते. कारण गोळा झाल्या त्या लाखभर असतील, तर न गोळा होता गेल्या त्या किती असतील?

बहिणाबाईंचा गौरव करताना आणखी एक सावधगिरी बाळगावयास हवी असे आम्हांस वाटते. “शाळेत न जाता केवढे हे शहाणपण!” असे म्हणून आपण मोकळे होतो आणि तिला शाळेत का जाता आले नाही, हे विचारण्याचे टाळतो. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य आणि जन्मभर निरक्षरता या काही मिरविण्याच्या गोष्टी नव्हेत. त्यांची प्रतिभा या गोष्टींमुळे फुलली नाही. या गोष्टींना पुरून उरली. ज्या मातीत त्या राबल्या त्या मातीवरचा स्त्रीचा हक्क तरी आपण कितपत मान्य केला? हिंदू स्त्रीला वारसाहक्काचा भक्कम आधार मिळाला तो १९५६ च्या कायद्याने, म्हणजे बहिणाबाई गेल्यानंतर. आणि वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीने जन्मसिद्ध वाटा देशभर मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. १९८६ साली शेतकरी संघटनेने चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरविले आणि पुढे शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून, राबणाऱ्या पत्नीच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्या, असे शेतकऱ्यांना आवाहन केले. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच भरले. गोमंतकात पोर्तुगीज अमदानीतील नागरी कायद्यामुळे मुलीला आणि पत्नीला वाटा फार पूर्वीपासून मिळाला, याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. परंतु वाटणीच्या वेळी बहिणीकडून हक्क सोडल्याची सही घेण्याची रीतही आपल्याला चांगली परिचित आहे. कागदावरचा हक्क आणि बांधावरचा हक्क यांतले अंतर बुजलेले नाही.

आता थोडे आपल्या अंगणात पाहू. बहिणाबाई खानदेशच्या काळ्या मातीतल्या, आणि आपण लाल मातीतले. तिकडे कपाशी आणि ज्वारी, इकडे भात, नारळ आणि सुपारी. पण बाईच्या जन्माची कथा फार वेगळी नाही. चिखलात वाकून रोवणी करणारी, खाजन शेतीत गुडघाभर पाण्यात उभी राहणारी, कुळागरात शिंपण करणारी, पावसाळ्यात डोंगरउतारावर दोडकी-भेंडी पिकवून ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेऊन बसणारी बाई आपण रोज पाहतो. चवथीच्या माटोळीला रानातले कोणते फळ कोठे मिळेल हे तिला ठाऊक असते. पौषातल्या चांदण्या रात्री मांडावर धालो रंगतात तेव्हा समोरासमोर दोन रांगा करून, एकमेकींच्या कमरेत हात गुंफून, त्या रात्र जागवितात. त्या मांडावर सावकारीण आणि कूळ यांची जागा वेगळी नसते. तेथे म्हटली जाणारी गाणी कोणी लिहिली? कोणी नाही. ती आईने मुलीला, सासूने सुनेला, शेजारणीने शेजारणीला दिली. गावातली एखादी अशी असते की तिच्यावाचून धालो उभे राहत नाहीत, लग्नघरची गाणी सुरू होत नाहीत, बाळंतिणीची आंघोळ होत नाही आणि मर्तिकाच्या घरी चूल पेटत नाही. तिचे घर म्हणजे अर्ध्या वाड्याचे घर असते. ती जाते तेव्हा वृत्तपत्रात चार ओळींची निधनवार्ता येते: पश्चात मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे. तिच्या पश्चात तिच्या गाण्यांचे काय झाले, हे त्या चार ओळींत नसते.

जाते गेले, तसे जात्यावरचे गाणेही गेले, असे म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. पिठाच्या गिरणीने बाईच्या हाताला विसावा दिला, ते इष्टच झाले. घट्ट्यांच्या हातांनी रोज पहाटे पायली दळावी म्हणजे आपल्याला ओव्या ऐकावयास मिळतील, अशी अपेक्षा करणारा रसिक निर्दय म्हटला पाहिजे. कष्ट जावोत, गाणे मात्र उरावे. ते उरविणे आपल्या हाती आहे. आज खेड्यापाड्यांतल्या मुलाच्या खिशातदेखील आवाज टिपून ठेवणारे यंत्र आहे. सोपानदेवांच्या काळी एक वही आणि एक टाक होता, आणि तेवढ्यावर एक कवयित्री वाचली.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. तुमच्या घरी सत्तरी-ऐंशीची आजी, मावशी, काकी असेल, तर या दिवसांत तिच्याजवळ बसा. ती म्हणेल, “मला काय येतंय, बाबा?” तिचे ते म्हणणे मनावर घेऊ नका. एक ओवी निघाली की दुसरी तिच्या मागून येते. ती जसे म्हणेल तसेच उतरून घ्या; तिचे शब्द ‘शुद्ध’ करण्याच्या फंदात पडू नका. बहिणाबाईंची बोली सोपानदेवांनी पुस्तकी मराठीत बदलली असती, तर आज आपल्या हाती टरफलेच राहिली असती. ओवीबरोबर गाणारीचे नाव, तिचे माहेर, तिला ती कोणाकडून मिळाली, हेही लिहून ठेवा. आणि एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगू. ती ओवी मराठी की कोकणी, असा प्रश्न तिला विचारू नका. भाषेच्या वादाने या भूमीत पुष्कळ मने दुखावली आहेत. मांडावरच्या बाईने दोन्ही भाषा एका ओवीत सुखाने नांदविल्या. तिच्या वहीत तरी आपण कुंपण घालू नये. शाळांनी आणि महाविद्यालयांनी हे काम विद्यार्थ्यांकडे सोपविले, ग्रामपंचायतींच्या वाचनालयांनी अशा वह्या जतन केल्या, तर कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता मोठे धन साठेल.

उत्तर महाराष्ट्रातील विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. जिला शाळेचा उंबरठा ओलांडता आला नाही, तिच्या नावाची पदवी घेऊन आज तरुण-तरुणी बाहेर पडतात. हा काव्यगत न्याय खरा. तरीही आम्हांस वाटते, की त्या माउलीला अधिक आनंद होईल तो एखाद्या नातीने आजीशेजारी वही घेऊन बसलेले पाहून. मुलीला माहेर मिळावे म्हणून आई सासरी नांदते, असे त्यांनी एका योग्याला उत्तर दिले होते. आपल्या आधीच्या बायांनी आपल्यासाठी असेच नांदून ठेवले आहे. त्यांचे ऋण फिटण्याजोगे नाही, पण त्यांचे शब्द हरवू न देणे एवढे तरी आपल्याकडून व्हावे. मांडावरचे धालो या पौषातही रंगतील. त्या रांगेतली एखादी वृद्धा पुढच्या पौषात तेथे नसेल. तिच्याजवळ बसण्यासाठी त्याआधी वेळ काढावयास हवा.